दुपारनंतरचे एक्स-रे दाणेदार येतात: स्टॅबिलायझर घ्यावा की मशीनच बदलावं?

संध्या_धंतोली
भावाचा नागपूरच्या धंतोलीत हाडांचा छोटा दवाखाना आहे. तो रुग्ण बघतो, मी बाकीचं सगळं बघते: हिशेब, खरेदी, माणसं आणि भांडणं. एक्स-रे मशीन जुनं आहे, ३०० एमए (ट्यूबमधला जास्तीत जास्त करंट, मिलिअँपिअरमध्ये), फुल वेव्ह (लाइनच्या लाटेचे दोन्ही अर्धे वापरणारं), डायल आणि काट्यांचं पॅनल असलेलं. मागच्या दिवाळीनंतर फिल्म बंद केली आणि त्याच मशीनला डीआर पॅनल (फिल्मच्या जागी फोटो थेट स्क्रीनवर देणारी डिजिटल पाटी) जोडलं. हिवाळाभर कटकट नव्हती. एप्रिल लागला तसे दुपारी तीन-चारनंतरचे कमरेचे नि खुब्याचे फोटो दाणेदार यायला लागले. हाताचे, पायाचे ठीक येतात. सकाळी दहाला तेच फॅक्टर (मशीनवरचे आकडे) लावले तर कमरेचाही चांगला येतो. टेक्निशियन एमएएस (एमए गुणिले सेकंद) वाढवून वेळ मारून नेतो.

सल्ले तीन मिळाले आहेत. सीताबर्डीतला दुकानदार म्हणतो सर्व्हो स्टॅबिलायझर लावा. मशीन विकणारा म्हणतो हे भंगारात काढा, ५०० एमएचं हाय फ्रिक्वेन्सी घ्या. तिसरा म्हणतो पॅनल उन्हानं तापतंय, दुसरा एसी बसवा. तिघांच्याही बोलण्यात माझेच पैसे जातात. कोणी सरळ सांगेल का?

इतवारीचा_वायरमन
मॅडम, पयले मीटरपासून मशीनपर्यंत कोन्ता वायर आला ते पाहा. किती एमएमचा आहे, किती लांब आहे. धंतोलीतल्या जुन्या बिल्डिंगा म्या पायल्या आहेत, मीटर खाली जिन्यात आन मशीन मागच्या खोलीत. चार वाजता आख्ख्या गल्लीतले कूलर सुरू होऊन राहिले तं व्होल्टेज बसतेच. स्टॅबिलायझर मंग पाहू.

व्हीएनआयटी_हॉस्टेल
मला स्टॅबिलायझरचा सल्ला बरोबर वाटतो. जुन्या मशीनमध्ये ट्यूबला मिळणारे केव्ही (किलोव्होल्ट) म्हणजे लाइनचं व्होल्टेज गुणिले ट्रान्सफॉर्मरचं गुणोत्तर. मध्ये काही मोजणारं, सुधारणारं नाही. लाइन दहा टक्के पडली तर केव्ही दहा टक्के पडणार. लाइन स्थिर केली की प्रश्न संपला. सर्व्हो मिळतो की बाजारात.

जुना_ट्रान्सफॉर्मर
निदान निम्मं बरोबर आहे, औषध चुकतंय. मी नोकरीभर विदर्भात हीच मशीनं दुरुस्त केली. थोडं सविस्तर लिहितो.

एक्स-रे मशीनला वीज लागते ती क्षणभर, पण त्या क्षणाला भरमसाट. कमरेचा लॅटरल (बाजूने काढलेला) फोटो धरा: ८५ केव्ही, २०० एमए, ०.४ सेकंद. सिंगल फेज फुल वेव्हसाठी पॉवर काढायची तर केव्ही गुणिले अँपिअर गुणिले साधारण ०.७४. म्हणजे साडेबारा किलोवॅट. २३० व्होल्टच्या लाइनवर हे पंचावन्न-साठ अँपिअर झाले, तेही अर्ध्या सेकंदाच्या आत येऊन गेलेले. हात काढताना एमएएस किरकोळ लागतात आणि केव्हीही कमी, म्हणून तुमचे हात-पाय ठीक येतात.

आता लाइनची पडझड दोन प्रकारची असते आणि त्या दोन्हींची गल्लत करू नका. पहिली संथ: कूलर-एसी लागले, लाइन २३० वरून २१५ वर येऊन बसली आणि तासन्‌तास तिथेच राहिली. ही पॅनलवरच्या काट्यावर दिसते आणि लाइन कॉम्पेन्सेटरच्या नॉबने भरून काढता येते. तो नॉब त्याचसाठी दिलेला असतो. दुसरी बटण दाबल्यावरची: साठ अँपिअर ओढल्यामुळे वायरमध्येच जे व्होल्टेज खर्च होतं ते. फोटो निघेपर्यंत ती येऊन गेलेली असते.

सर्व्होमध्ये मोटर फिरते, ब्रश सरकतो, मग व्होल्टेज सुधारतं. सेकंदाला काही दहा व्होल्ट इतका त्याचा वेग. तुमचं एक्स्पोजर ०.४ सेकंदाचं, छातीचं तर त्याहून कमी. तो जागा होईपर्यंत रुग्ण शर्ट घालत असतो. वरून त्याच्या गुंडाळीचा रोध मशीनच्या वाटेत येतो, म्हणजे दुसऱ्या प्रकारची पडझड वाढते. संथ पडझडीला तो चालेल, पण त्यासाठी फुकटचा नॉब आहेच ना.

आधी मोजा. सकाळचं व्होल्टेज, दुपारचं व्होल्टेज, आणि मिन-मॅक्स असलेला मीटर लावून एक्स्पोजरच्या वेळचं सर्वांत कमी व्होल्टेज. वायरची जाडी-लांबीही लिहा. आणि मशीन एका फेजवर चालतं की दोन फेजच्या मध्ये, ते नक्की पाहा.

व्हीएनआयटी_हॉस्टेल
सर्व्होच्या वेगाचा मुद्दा मान्य काका. पण दहा टक्के केव्ही कमी झाल्यानं एवढा फरक? फोटो थोडा फिका यायला हवा, बस.

जुना_ट्रान्सफॉर्मर
इथेच सगळी मेख आहे. ट्यूबमधून निघणारे किरण साधारण केव्हीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतात. पण आपल्याला ट्यूबशी देणंघेणं नाही, माणसाच्या पलीकडे पॅनलवर किती पोचतं याच्याशी आहे. केव्ही कमी म्हणजे किरण मवाळ, आणि मवाळ किरण शरीरातच अडतात. म्हणून टेक्निशियन लोकांचा जुना नियम: केव्ही पंधरा टक्के वाढवले तर एमएएस निम्मे करा. गणित मांडून पाहा, पॅनलवरचा परिणाम केव्हीच्या जवळपास पाचव्या घाताने जातो. आठ टक्के केव्ही घटले तर पॅनलवर उरतो दोन तृतीयांश.

रेडिओग्राफर_ताई
संध्याताई, मी कितीतरी वर्षं हे काम करते आहे. दोन गोष्टी मशीन उघडण्याआधी तपासा.

एक, सकाळी आणि दुपारी रुग्ण सारखेच असतात का? आमच्याकडे सकाळी प्लास्टरवाले, हात-पायवाले येतात. दुपारी काटोल-उमरेडकडून बसने आलेली कंबरदुखीची माणसं. "दुपारचे फोटो खराब" म्हणजे कधी कधी "जाड भागाचे फोटो खराब" एवढंच निघतं. तुम्ही सकाळचा कमरेचा चांगला येतो म्हणता, पण तो त्याच अंगाच्या माणसाचा होता का?

दोन, डीआरच्या स्क्रीनवर फोटोच्या कोपऱ्यात एक्स्पोजर इंडेक्स आणि त्याच्याखाली डीआय नावाचा आकडा असतो. बहुतेक जण तिकडे बघतच नाहीत. शून्य म्हणजे ठरवलेल्या लक्ष्याइतकं. उणे तीन म्हणजे निम्मंच पोचलं, अधिक तीन म्हणजे दुप्पट. सकाळ-दुपारचे डीआय एका वहीत लिहा, भांडण मिटतं.

फिल्मच्या काळात हा प्रकार लपलाच नसता. कमी पडलं की प्लेट पांढुरकी, जास्त झालं की काळीकुट्ट, डॉक्टर तिथेच ओरडायचे. डीआरचं सॉफ्टवेअर उजेड-अंधार सारखा करून देतं. कमी पडलं तर दाणे दिसतात, जास्त पडलं तर काहीच दिसत नाही, उलट फोटो आणखी देखणा. म्हणून सगळीकडे हात सैल सुटतो आणि एमएएस हळूहळू वर चढत जातात. तुमच्या टेक्निशियनने दुपारी वाढवलेले एमएएस सकाळी खाली आणले जातात का, तेही विचारा.

उमरेडची_मीना
मधेच विचारते. दुपारी एमएएस वाढवला म्हणजे पेशंटला जास्त रेडिएशन ना? माझ्या सासऱ्यांचे एवढ्यात कमरेचे फोटो काढले होते. आणि खोलीत कूलर असला तर त्याच्या हवेनं किरणं बाहेर पसरतात का? बाकावर बाजूची बाई म्हणत होती.

रेडिओग्राफर_ताई
कूलरची भीती सोडा ताई. बटण सुटलं की किरण संपले, बल्ब बंद केल्यावर उजेड संपतो तसे. हवेत, भिंतीत, कपड्यांत काही उरत नाही.

सासऱ्यांचीही काळजी नको. डॉक्टरांनी गरजेपुरते सांगितलेले साधे एक्स-रे आहेत. छातीच्या एका फोटोचा डोस ०.०२ मिलिसिव्हर्टच्या आसपास असतो, आणि निसर्गातून आपल्याला वर्षाला जगाच्या सरासरीने २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. कमरेचा छातीपेक्षा बराच जास्त, पण तोही नैसर्गिक वर्षभराच्या आकड्याच्या आतबाहेरच. मात्र पहिला प्रश्न बरोबर आहे, त्याचं उत्तर काका देतील.

जुना_ट्रान्सफॉर्मर
मीनाताई, नेमकं विचारलंत. केव्ही पडले म्हणून एमएएस वाढवले, की पॅनलला हवं तेवढं मिळतं, पण बिल रुग्णाच्या कातडीवर फाटतं. मवाळ किरण आत शिरून पलीकडे जायच्या ऐवजी वरच्या थरातच मुरतात. ते फोटोच्या कामाचे नसतातच. म्हणून तर ट्यूबच्या तोंडाशी अ‍ॅल्युमिनियमचा फिल्टर असतो, असले बिनकामाचे किरण आधीच गाळायला. १०० केव्हीच्या वरच्या मशीनला एकूण अडीच मिलिमीटर इतका तरी लागतो. कमी पडलेले केव्ही एमएएसने भरून काढणं म्हणजे त्या फिल्टरच्या उलट दिशेनं काम करणं.

व्हीएनआयटी_हॉस्टेल
मग अशा मशीनला ऑटोमॅटिक एक्स्पोजर कंट्रोल लावला तर? बकीत (पॅनल ठेवायच्या खणात) पॅनलच्या पुढे आयन चेंबर (किरण मोजणारी चपटी पेटी), पुरेसं पोचलं की एक्स्पोजर तोडायचं.

जुना_ट्रान्सफॉर्मर
लावता येतो, आणि चांगल्या मशीनमध्ये असतोच. पण तो पॅनलवरचं मोजतो, केव्ही नाही. केव्ही पडले तर तो वेळ वाढवेल, म्हणजे टेक्निशियन हाताने करतोय तेच आपोआप करेल. रुग्ण तेवढा वेळ श्वास धरू शकत नसेल तर फोटो हलेल. शिवाय बॅकअप टाइमर ठेवावा लागतो, नाहीतर चेंबर बिघडला की एक्स्पोजर थांबणारच नाही.

खरा उपाय केव्हीलाच मोजून आवरणं. हाय फ्रिक्वेन्सी जनरेटर तेच करतो, आणि इथे विकणाऱ्याचं बोलणं खोटं नाही. लाइनची वीज आधी डीसी करतात, मोठ्या कपॅसिटरमध्ये साठवतात, मग आयजीबीटीच्या (झटपट चालू-बंद होणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचच्या) इन्व्हर्टरने तिचे दहा-वीस हजार हर्ट्‌झ किंवा त्याहून वर तुकडे करतात आणि ट्रान्सफॉर्मरला देतात. फ्रिक्वेन्सी वाढली की तेवढ्याच पॉवरला लोखंड कमी लागतं, म्हणून कपाटाएवढी तेलाची टाकी खोक्याएवढी झाली. टाकीच्या आत रोधकांची माळ असते, ती खरे केव्ही मोजून कंट्रोल कार्डाला सांगते. मागितले ८५ आणि मिळाले ८३, की काही मिलिसेकंदांत इन्व्हर्टर सुधारतो. जुन्या मशीनचं काट्यांचं पॅनल तुम्ही काय मागितलं ते दाखवतं. नवं मशीन काय मिळालं ते बघतं.

एमएचं प्रकरण वेगळं. ते फिलामेंटच्या (ट्यूबमधल्या तापणाऱ्या तारेच्या) तापमानावर चालतं. कूलिजने १९१३ साली तापलेल्या टंगस्टनची ट्यूब काढली, तेव्हापासून केव्ही आणि एमए वेगवेगळे आवरता आले, त्याआधी ट्यूबमधल्या उरल्यासुरल्या वायूच्या मर्जीवर सगळं होतं. पण फिलामेंट फार नाजूक प्रकरण. त्याच्या करंटमध्ये एक टक्का फरक पडला तर ट्यूबच्या एमएमध्ये दहा टक्क्यांपर्यंत पडू शकतो. म्हणून जुन्या मशीनमध्ये फिलामेंटसाठी वेगळा स्थिर व्होल्टेजचा ट्रान्सफॉर्मर असतो. तो व्होल्टेजची पडझड सोसतो, फ्रिक्वेन्सीची सोसत नाही. जनरेटरवर एक्स-रे काढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं: डिझेल सेट ४८ हर्ट्‌झवर घुटमळत असेल तर काट्यावर २३० दिसूनही एमए भलतेच असतात.

इतवारीचा_वायरमन
काका, येवढं लिवलं पण वायर कोन्ता ते अजून समजलं नाई. मॅडम मोजून राहिल्या का?

संध्या_धंतोली
मोजलं, म्हणून उशीर झाला.

सकाळी १० वाजता २३२ व्होल्ट. दुपारी सव्वाचारला २१४. कमरेच्या लॅटरलच्या वेळी दुपारचा सर्वांत कमी आकडा १९५ च्या आसपास. सकाळी तोच २१३. वायर तांब्याचा, ६ स्क्वेअर एमएम, जिन्यातल्या मीटरपासून अंदाजे ३५ मीटर. मशीन सिंगल फेजवर चाललंय. इमारतीत लिफ्टसाठी थ्री फेज आहे, पण आम्ही या जागेत आलो तेव्हा कोणी तरी "एकच फेज पुरे" म्हणून जोडून दिलं होतं. मशीनच्या मागच्या पट्टीवर २२० आणि ४४० अशा दोन खुणा आहेत, तार २२० वर आहे.

डीआय: सकाळच्या कमरेच्या फोटोंचे शून्याच्या जरा खाली, दुपारचे उणे दोन, उणे अडीच. ताईंनी सांगितलं म्हणून वजन-उंची लिहून घेतली, फार फरक नाही. लाइनच्या काट्याबद्दल विचारलं तर टेक्निशियन म्हणाला, तो नॉब इंजिनिअरने लावून दिलाय, हात लावू नको म्हणून सांगितलंय.

एक मात्र कळत नाही. जानेवारीत क्यूए (गुणवत्ता) तपासणी झाली आणि केव्ही बरोबर आहेत असा रिपोर्ट आहे. मग?

जुना_ट्रान्सफॉर्मर
सुंदर मोजमाप. अर्ध्या दवाखान्यांकडे एवढी माहिती नसते.

२३२ चं २१४ म्हणजे पावणेआठ टक्के कमी. नॉबला कोणी हात लावत नाही, तेव्हा मशीनच्या काट्यांवर ८५ आणि ट्यूबवर ७८. वर लिहिलेलं गणित लावा, डीआर पॅनलवर दोन तृतीयांश. तुमचा डीआय उणे दोनच्या आसपास हवा. मिळाला. तेव्हा दुपारचा दोष संथ पडझडीचा आहे आणि नॉबने जाईल. "हात लावू नको" हे ज्याने सांगितलं त्याला काय म्हणावं! तो काटा प्रत्येक रुग्णाआधी बघून लाल खुणेवर आणायचा असतो.

दुसरा दोष सकाळीही आहे, म्हणून तुम्हाला वेगळा दिसत नाही. ६ स्क्वेअरच्या तांब्याचा रोध किलोमीटरला ३.०८ ओहम. जाऊन-येऊन ७० मीटर म्हणजे ०.२१६ ओहम. साठ अँपिअरला १३ व्होल्ट त्या वायरमध्येच गेले, बाकीचे पाच-सहा मागच्या लाइनमध्ये.

रिपोर्टमध्ये केव्ही कोणत्या एमएवर मोजलेत ते पाहा. मर्यादा अधिक-उणे ५ केव्हीची असते.

संध्या_धंतोली
१०० एमए. आणि सकाळी ११ वाजता, जानेवारीत.

जुना_ट्रान्सफॉर्मर
झालं. रिपोर्ट खोटा नाही, भारच अर्धा होता आणि लाइन थंडीतली होती. पुढच्या वेळी तुम्ही ज्या एमएवर कंबर काढता त्यावरही मोजायला सांगा. एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) नियमाप्रमाणे क्यूए दर दोन वर्षांनी करायचीच असते, पण मशीनच्या वीजजोडणीत एवढा बदल केला तर त्याआधीही करून घ्यावी. त्यांच्या ई-लोरा पोर्टलवर रिपोर्ट चढवला की कागदही नीट राहतात.

काम एवढंच: मशीन दोन फेजच्या मध्ये, मागच्या पट्टीवर ४४० च्या खुणेवर. ही अदलाबदल मशीनच्या इंजिनिअरकडूनच, त्याबरोबर आतल्या आणखी जोडण्या बदलाव्या लागतात. करंट निम्म्यावर येईल, तीसच्या आसपास. वायर २५ स्क्वेअरचा टाका, रोध ०.०५ ओहम. म्हणजे १३ ऐवजी दीड व्होल्ट, तेही ४१५ मधले.

इतवारीचा_वायरमन
आता आली गाडी रुळावर. मॅडम, लिफ्टच्या लाइनीवरून नका घेऊ. लिफ्ट सुरू झाली का झटका बसते, आन फोटो त्याच येळी काढला तं पुन्हा तेच. मीटरच्या पॅनलपासून वेगळा केबल, वेगळा एमसीसीबी (मोठा ब्रेकर), आन अर्थिंग वेगळं. सँक्शन लोड (मंजूर भार) किती आहे ते बिलावर पाहून घ्या, वाढवाचा असन तं अर्ज आत्ताच करा, त्याले वेळ लागते. केबलचे पैसे लागतील, पण नव्या मशीनच्या पुढे काहीच नाई.

अस्थी_डॉक्टर
मी कामठीकडे प्रॅक्टिस करतो. एवढं सगळं जुन्या मशीनवर खर्च करण्यापेक्षा आज ना उद्या हाय फ्रिक्वेन्सी घ्यायचंच आहे तर आत्ताच घ्यावं, असं माझं मत. फुल वेव्ह सिंगल फेजमध्ये केव्ही सेकंदात शंभर वेळा शून्यावर येतात. त्या दऱ्यांमधला काळ फोटोच्या कामाचा नसतोच. हाय फ्रिक्वेन्सीत ही लाट जवळजवळ सपाट असते, म्हणून त्याच केव्हीला किरण जास्त भेदक आणि एक्स्पोजर लहान. लहान मुलांच्या खुब्याला हा फरक डोळ्यांना दिसतो.

जुना_ट्रान्सफॉर्मर
डॉक्टरसाहेब, तत्त्वतः वाद नाही. पण केबल तर नव्या मशीनलाही लागणार. ३५ मीटरच्या ६ स्क्वेअरवर पन्नास किलोवॅटचं मशीन जोडलं तर ते "लाइन लो" म्हणून एरर देऊन बसेल. म्हणजे केबलचा खर्च कोणत्याही वाटेनं टळत नाही. तो आधी करा, मग पुढच्या उन्हाळ्यापर्यंत शांतपणे मशीन निवडा. घाईत निवडलेलं मशीन कोणाच्या सोयीचं असतं ते सांगायला नको.

आणि निवडताना "५०० एमए" या आकड्याला भुलू नका. ५०० एमए किती केव्हीला ते विचारा. काही मशीनं ५०० एमए फक्त ६०-७० केव्हीला देतात, कंबर काढायला केव्ही वाढवले की एमए आपोआप खाली येतात. विचारायचं ते हे: १०० केव्हीला ०.१ सेकंदासाठी किती किलोवॅट, आणि लाइनचा रोध जास्तीत जास्त किती चालेल. कॅटलॉगमध्ये दोन्ही असतात, विकणाऱ्याच्या तोंडी नसतात. १५ अँपिअरच्या सॉकेटवर चालणारी बॅटरी किंवा कपॅसिटरवाली मशीनंही मिळतात, ती लाइनमधून सावकाश भरून घेतात आणि एक्स्पोजरला साठ्यातून देतात. तुमच्या जागेला तीही पाहण्यासारखी आहेत.

संध्या_धंतोली
अपडेट. केबल पडला, मशीन दोन फेजवर गेलं, वेगळा एमसीसीबी बसला. वायरमनभाऊ, तुमचं बरोबर होतं, लोड वाढवायचा अर्ज आधी करावा लागला. जोडणी मशीनच्या इंजिनिअरने केली, नंतर क्यूएवाल्यांना बोलावून २०० एमएवर मोजून घेतलं: ८५ मागितले, ८३ मिळाले. दुपारचे डीआय आता शून्य ते उणे अर्धा. टेक्निशियनला पॅनलवर कागद चिकटवून दिलाय: आधी काटा, मग बटण. वाढवलेले एमएएस त्याने सगळे जुन्या चार्टवर आणले, तेव्हा कळलं की छातीचेसुद्धा वाढवून ठेवले होते.

मशीन विकणारा परत येऊन गेला. त्याला १०० केव्हीचे किलोवॅट आणि लाइनचा रोध विचारला. म्हणाला, ऑफिसला विचारून सांगतो.

रेडिओग्राफर_ताई
चार्ट परत आणला हे सगळ्यात चांगलं केलंत. आता एक करा, लहान मुलांचा चार्ट वेगळा लावा, ग्रिड (विखुरलेले किरण अडवणारी जाळी) काढून. मोठ्यांचाच चार्ट कमी करून मुलांना वापरतात, तिथे ग्रिडमुळेच डोस कितीतरी पट होतो. हवा असेल तर आमच्याकडचा नमुना व्यनि करते.

संध्या_धंतोली
पाठवा ताई. भाऊ शनिवारी मुलांची ओपीडी ठेवतो, त्याआधी लावून घेते.